सोमवारी आणि गुरुवारी खोकणारी गाडी

४ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही बऱ्या असालच, म्हणून विचारत नाही. मीही बरी आहे, म्हणून सांगत बसत नाही. गाडी बरी नाही, त्यासाठी कागद घेतला. फोन केला असता, पण गॅरेजात इंजिनांच्या शेजारी जन्म काढून तुमचे कान गेले, आणि फोनच्या बारीक बटणांवर माझं बोट मावत नाही. एक अक्षर दाबायला गेलं की तीन उमटतात.

भाऊजी गेल्यावर तुम्ही आम्हाला दिलेली ही गाडी खोकते. सकाळी चालू केली की खक्, खक्, मग गप्प, मग परत खक्. उभी असली की अशी थरथरते की मागे ठेवलेल्या लाँड्रीच्या चादरींच्या घड्या उलगडतात. दवाखान्याच्या चढावर तर जीवच सोडते. पाय पार खाली दाबला तरी गोगलगाय. मागचे भोंगे वाजवतात. मी खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जा म्हणते, आणि अजूनही काही म्हणते, ते लिहीत नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने आधी पेट्रोलचा पंप बदलला. मग फिल्टर बदलला. मग डोकं खाजवून म्हणाला, "मावशी, इंजिनच गेलंय." आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी म्हटलं, इंजिन गेलंय तर मी इथवर आले कशी, तुझ्या पाठीवर बसून?

ते ऐकून तुमच्या दादांनी परस्पर बेकरीवाल्याला शब्द दिला. आहे तशी घेऊन जा म्हणाले. मार्च संपला की तो न्यायला येणार. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक, म्हणूनच विचारलं नाही.

वन्सं, ही गाडी गेली तर मी परत त्या टेंपोवाल्याच्या तोंडाकडे बघत बसणार. आठवतो ना तो? "निघालोच" म्हणायचा आणि चहा पीत बसलेला असायचा. इकडे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे दारात, तिकडे दवाखान्याची बाई माझ्या नावाने ओरडतेय. चौथ्या खेपेला का होईना, या वयात मी लायसन काढलं. आता मला कुणाच्या "निघालोच"वर जगायचं नाही.

तेव्हा खरं सांगा. गाडी दिलीत तेव्हा तिला हा खोकला होता का? होता तर तेव्हाच सांगायचं होतं. नव्हता तर बरा कसा करायचा ते लिहा. आणि लवकर लिहा.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

गाडी माझ्याकडे होती तेव्हा खोकत नव्हती. मीही खोकत नव्हते. तुमचं पत्र वाचून थोडी उबळ आली.

आमच्या गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग म्हणतात. तुमच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. चौघांनी पाळीपाळीने जोर लावला की गाडी चालते. त्यातला एक किंवा जास्त जण जोर लावायचे चुकतात, म्हणून थरथर आणि म्हणून चढावर रडगाणं. इंजिन गेलेलं नाही. त्या मेकॅनिकला अजून काही बदलू देऊ नका, नाहीतर शेवटी तो तुम्हालाही बदलून मागेल.

आवाज लिहून पाठवू नका. आवाज मला समोर असला तरी कळत नाही, कागदावरचा काय कळणार? मी हाताने बघते. गाडी उभी असताना चालू करा, बॉनेटवर तळहात सपाट ठेवा आणि डोळे मिटा. चूक एका तालात होते आहे की वाटेल तेव्हा, ते बघा. तालात असेल तर एकच सिलिंडर कामचुकार आहे. ताल नसेल तर पेट्रोलकडे बघावं लागेल.

शिवाय हेही लिहा: मागच्या नळीतून कच्च्या पेट्रोलचा वास येतो का? समोर पिवळा दिवा लुकलुकतो का? रोज होतं की ठरावीक दिवशी?

आणि वहिनी, एक गोष्ट कराल ती एकच करा. मग थांबा, बघा, मग दुसरी. मला तुमचा स्वभाव माहीत आहे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

दादाच्या गुडघ्यांचं कसं आहे? तो हल्ली दुकानातच बसून असतो का?

तुमची नणंद


१७ फेब्रुवारी

वन्सं,

माझा स्वभाव माहीत आहे तर परत परत सांगायचं कशाला?

हात ठेवला. डोळे मिटले. शेजारीण विचारायला लागली, गाडीला नमस्कार करताय का? तिला म्हटलं, ताप बघतेय.

आता ऐका. ऐका म्हणजे वाचा. आमच्या दुकानात चार टेबलांवर चार जणी इस्त्री करतात. चारही इस्त्र्या लागोपाठ आपटल्या की जमीन एका ठेक्यात हलते. मी पाठमोरी असले तरी पायाखालून मला कळतं कोणीतरी हात थांबवून गप्पा मारतेय. तुमची गाडी अगदी तशी आहे. तिघी काम करतात, एक हात थांबवते. दर फेरीला तीच. ताल पक्का आहे.

पेट्रोलचा वास येतो. दिवा लुकलुकतो. मला वाटायचं तो सजावटीचा आहे.

आणि दिवस म्हणाल तर दर सोमवारी आणि दर गुरुवारी. बाकीचे दिवस शहाण्यासारखी चालते. सोमवार-गुरुवार मी दवाखान्यात माल पोचवते. तुमचे दादा म्हणतात वजनाने होतं. म्हणून मी गेल्या गुरुवारी अर्धाच माल नेला. तरी खोकली. परत येताना मात्र ठीक. दादा म्हणाले, बघ, येताना वजन नव्हतं. मी म्हटलं, येताना मळक्या चादरी होत्या, त्या काय हवेत तरंगत येतात?

माझं मत विचाराल तर या गाडीला दवाखाना आवडत नाही. मला तरी कुठे आवडतो? पण मी खोकते का? आदल्या संध्याकाळी मी तिला आरशासारखी लखलखीत करून ठेवते, इतकं माझ्या सासूचंही केलं नाही, आणि सकाळी तिची ही थेरं.

गुडघे तसेच आहेत. हो, दुकानातच असतात. मी माल घेऊन निघाले की दारात येऊन उभे राहतात, गिऱ्हाईक आत ताटकळलं तरी. मदत म्हणाल तर शून्य.

पुढचं काय ते लिहा. फेब्रुवारी संपत आला.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

चार इस्त्र्यांचं छान सांगितलंत. माझ्याकडे पगार घेणारी माणसं इतकं नीट सांगत नाहीत.

आता ती गप्पा मारणारी कोण, ते शोधायचं. बॉनेट उघडा. इंजिनाच्या माथ्यावर चार काळे ठोकळे ओळीने बसलेले दिसतील. त्याच कॉइल. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पुरवणारी आपापली कॉइल. इंजिनाच्या रबरी पट्ट्याच्या बाजूने मोजा: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

सोमवारी सकाळी, गाडी खोकत असतानाच करा. इंजिन बंद करा. पहिल्या कॉइलची वायर काढा. चालू करा. हात ठेवा. थरथर वाढली तर पहिली निर्दोष, कारण कामाच्या माणसाला काढलं की खोळंबा होतो. बंद करा, वायर परत लावा. मग दुसरी. जिची वायर काढून काहीच फरक पडत नाही, ती तुमची गप्पिष्ट. जी कामच करत नव्हती ती गेल्याचं कुणाला कळणार?

ती सापडली की तिची कॉइल उचलून दुसऱ्या एखादीच्या जागी लावा, आणि तिची हिच्या जागी. खोड जागेवरच राहिली तर दोष खाली आहे, ठिणगी पाडणाऱ्या प्लगमध्ये किंवा आणखी खोल. खोड कॉइलबरोबर गेली तर दोष कॉइलचा.

दर वेळी इंजिन बंद. एका वेळी एक. हे मी दोनदा लिहीत होते, पण तुम्ही चिडाल.

दादाला शेजारी बसवून कधी त्या चढावर गेलात का?

तुमची नणंद


३ मार्च

वन्सं,

चिडले तर चिडले, दोनदाच लिहायला हवं होतं.

सोमवारी दवाखान्याच्या फाटकाशी बॉनेट उघडलं. एक एक कोण करत बसणार, म्हणून चारही वायरी एकदम काढल्या. गाडी चालूच होईना. मग चारही कॉइली काढून रुमालावर मांडल्या, आणि तेवढ्यात रखवालदार आला, "बाई, गाडी बाजूला घ्या." मी उठले, रुमालाला पाय लागला, आणि कोण पहिली, कोण चौथी, ते एक देवाला ठाऊक. सगळ्या एकसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. हाताला लागतील तशा लावून टाकल्या. तो रखवालदार म्हणाला, "मेकॅनिकला बोलवू का?" मी म्हटलं, समोर काय उभं आहे तुझ्या?

म्हणून गुरुवारी परत केलं. तुमच्या पद्धतीने. तळपायाची आग मस्तकात जाऊ न देता. इस्त्रीच्या कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या चारही कॉइलींना बांधल्या, एक ते चार, आणि एक एक काढत गेले. पहिली काढली, गाडी उड्या मारायला लागली. दुसरी, तेच. तिसरी काढली आणि काही नाही. जशी होती तशीच खोकत राहिली. सापडली. चौथीला विचारलंसुद्धा नाही.

मग तिसरीची कॉइल पहिलीच्या जागी लावली. आणि वन्सं, खोड चालत पहिलीकडे गेली. तिसऱ्या जागेवर आता काम नीट, आणि पहिल्या जागेवर गप्पा. मी भर रस्त्यात हसले आणि दोघींना परत आपापल्या जागी बसवलं. इतकी वर्षं दुकानात हेच बघत आलेय. टेबल बदलून दिलं तरी बाई तीच.

म्हणजे कॉइल बदलायची, बरोबर ना? इथे दुकानात मिळते. घेऊ का? तुम्ही थांबा म्हणाल म्हणून थांबलेय. बघा, मला थांबता येतं.

एवढं सगळं केल्यावर हातभर काळं झालं होतं, इंजिनही माखलं होतं. म्हणून घरी आल्यावर नेहमीसारखा त्याच्यावर पाइप मारून, साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ करून ठेवलं. आता बघाल तर त्यावर जेवायला बसावंसं वाटेल.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

नेहमीसारखा?

इंजिनावर पाइप?

रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी?

कॉइल विकत घेऊ नका. तिसरी बाहेर काढा. खालच्या टोकाला लांब रबरी नळी आहे, ती प्लगच्या डोक्यावर बसते. चांगल्या उजेडात ती फिरवून बघा, कुठे केसाएवढी रेघ दिसते का. आणि ती कॉइल जिथे बसते त्या खड्ड्यात बोटाला फडकं गुंडाळून खालपर्यंत घाला. वर काय आलं ते लिहा.

या पाकिटात एक नवी रबरी नळी पाठवली आहे. जुनी ओढून काढा, ही दाबून बसवा. पीळ देऊ नका.

मी इथे गाडीच्या खाली आडवी पडून तुमचं पत्र वाचत होते. हसून हसून डोकं चेसिसला आपटलं. टेंगूळ आलंय. त्याची भरपाई तुमच्याकडून घेणार आहे.

तुमची नणंद


१५ मार्च

वन्सं,

टेंगूळ आलं ते बरं झालं. स्वच्छतेला हसणाऱ्याला तेच मिळतं.

मी लाँड्रीवाली आहे. कपडे धुते, भांडी धुते, दुकान धुते, फूटपाथ धुते. गाडी तेवढी मळकी नेऊ दवाखान्यात? आणि बाहेरून चकचकीत, बॉनेट उघडलं की तेल-माती, असलं वरवरचं मला जमत नाही. इतकी वर्षं मी पाणी मारतेय, पाण्याने कुणाचं वाईट झालंय?

असं सगळं मनात बोलत खड्ड्यात फडकं घातलं, तर चिंब वर आलं. गुळणी भरेल एवढं पाणी होतं आत. आणि नळीवर रेघ होती. काळी, बारीक, वरून खालपर्यंत. चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली. होती.

मग तुमचं म्हणणं मी माझं मीच जुळवलं. रविवारी मी पाणी मारते, ते खड्ड्यात साचतं. सोमवारी सकाळी ठिणगी निघते, पण नळीला चीर, चिरेत पाणी, म्हणून ती प्लगपर्यंत जायच्या आधीच बाजूच्या लोखंडाला उडी मारते. चढ चढून इंजिन तापलं की पाणी वाळतं, म्हणून येताना ठीक. मंगळवारी कोरडं, शहाणी गाडी. बुधवारी मी परत पाणी. दवाखान्याचा दोष नाही, वजनाचा नाही, तुमच्या दादांच्या अकलेचा तर नाहीच नाही.

नवी नळी बसवली. आणि मग मी काय केलं सांगू? बुधवारी मुद्दाम इंजिनावर पाइप मारला, नेहमीपेक्षा जास्त. गुरुवारी चालू केली. चारही जणी कामाला. चढावर अशी गेली की मागे भोंगे वाजवणारे दिसेनासे झाले. म्हणजे दोष चिरेचा, माझ्या धुण्याचा नाही. तुमच्या गाडीला जुनी नळी होती आणि ती तुम्ही बदलली नव्हती. ते पण लिहा कधीतरी.

पण माझं तोंड गोड होऊन चार दिवस राहील तर शपथ. गाडी बरी झालेली तुमच्या दादांनी दुकानातून ऐकली. त्यांचे कान शाबूत आहेत ना. लगेच बेकरीवाल्याला सांगून आले, गाडी एकदम झकास आहे. तो आता भाव वाढवून द्यायला तयार आहे. आधी निदान भंगार म्हणून नेणार होता, तो नको म्हणेल अशी आशा होती. आता दोन्ही हातांनी नेईल. मीच माझ्या हाताने तिला आंघोळ घालून दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी केली.

मी यांच्याशी भांडले. ऐकत नाहीत. का विकायची, विचारलं तर म्हणतात, "विकायची." हे काय उत्तर झालं? सांगा, मी काय करू?

वहिनी


२० मार्च

वहिनी,

नळी मी बदलायला हवी होती. झालं लिहून. यांच्या आजारपणात गाडीकडे बघणं झालं नाही. आणि तुम्ही पाणी मारू नका, नवी नळीसुद्धा एक दिवस जुनी होणार आहे. ओल्या फडक्याने पुसा.

आता पुढचं. मी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, बिघडवायला पहिल्यांदाच सांगतेय, तेव्हा हे पत्र वाचून कपड्यांबरोबर धुऊन टाका.

जुनी नळी टाकली नसेल अशी आशा आहे. बेकरीवाला येणार त्या सकाळी नवी काढा, जुनी चिरकी बसवा, आणि तिसऱ्या खड्ड्यात पेलाभर पाणी सोडा. गाडी तुमच्या फेब्रुवारीतल्या गाडीसारखी होईल. इंजिनाचं काही नुकसान होत नाही, दहा मिनिटांनी थांबवा म्हणजे झालं. तो एक फेरी मारेल आणि निघून जाईल.

दादाला समजावण्यात अर्थ नाही. तो का विकतोय ते त्याच्या तोंडून निघणार नाही. माझ्याही नाही, कारण मी शब्द दिलाय.

तुमची नणंद


१ एप्रिल

वन्सं,

काल बेकरीवाला येऊन गेला. सगळं लिहिते, पण मध्ये बोलू नका.

सकाळी तुम्ही सांगितलं तसं केलं. जुनी नळी, पेलाभर पाणी. मनाला बोचत होतं, पण केलं. तो आला, पांढरा शर्ट घालून, जणू मुलगी बघायला आलाय. मी चालू केली. खक्, खक्, गप्प. मला आतून हसू येत होतं. तो पुढे झुकला, मागे गेला, नाकाला रुमाल लावला. तुमचे दादा पायरीवर उभे, त्यांचा चेहरा उतरलेला.

मग तो म्हणाला, "अहो, ही तर थरथर कापतेय. ही फसवणूक आहे. ही भंगारवालासुद्धा ओढून नेणार नाही."

इथवर ठीक होतं. एवढंच ऐकून मी गप्प बसले असते तर तो गेला असता. पण त्याने जाता जाता चाकावर लाथ मारली. हलकीच, लोक मारतात तशी. आणि म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात गाडी गेली की अशीच होते."

वन्सं, तुम्हाला राग येणार. मी म्हटलं, "थांबा."

बंद केली. बॉनेट उघडलं. तिसरी कॉइल काढली, फडकं घालून खड्डा कोरडा केला, चिरकी नळी ओढून त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली, "ही घ्या, हिला भंगारात घाला," म्हटलं, आणि ओट्यावरून नवी आणून बसवली. पीळ दिला नाही. वायर लावली, चालू केली. चारही जणी. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, त्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. सगळं झालं आणि मग मला कळलं की मी काय करून बसलेय.

बेकरीवाल्याचे डोळे चमकले. म्हणाला, "ही तर मी आत्ता नेतो."

मी तुमच्या दादांकडे बघितलं. ते बेकरीवाल्याकडे बघत नव्हते. माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत होते.

"हे कधी शिकलीस?"

"फेब्रुवारीत. तुमच्या बहिणीकडून."

"ती कुठे आली होती इथे?"

"पत्रातून."

"रस्त्यात बंद पडली तर तुला करता येईल?"

"दवाखान्याच्या फाटकाशी दोनदा केलंय की."

ते पायरी उतरून खाली आले. मग बेकरीवाल्याला म्हणाले, "गाडी द्यायची नाही."

तो म्हणाला, "अहो, तुम्ही शब्द दिला होता."

तर हे म्हणाले, "न बघता दिला होता. आता बघितलं."

तो बडबडत गेला. खिशात नळी तशीच. यांनी मला काही सांगितलं नाही, आत जाऊन बिलं लिहीत बसले. एवढा चांगला भाव सोडून देणारा हा माणूस नाही, वन्सं, मी ओळखते त्यांना. भांडून जे झालं नाही ते पान्याने कसं झालं? तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. गाडी राहिली, आता तरी सांगा.

वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

युक्ती सांगावी आणि तुम्ही ती लाथेवरून मोडावी. चाकावर मारलेली लाथ मलाही सहन झाली नसती, म्हणून माफ.

आता ऐका. शब्द मी गाडी विकली जाईपर्यंत पाळायचा कबूल केला होता. ती विकली जाणार नाही, तेव्हा मी मोकळी.

जानेवारीत दादा माझ्याकडे आला होता. तुम्हाला म्हणाला असेल साबणाच्या घाऊक दुकानात गेलो होतो. गुडघे धरत बसने आला, गॅरेजात तासभर टायरवर बसून राहिला, आणि मला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलला. समोरच्या वडीलधाऱ्या मिस्त्रींनीसुद्धा सगळं ऐकलं.

म्हणाला, चढावर तिची गाडी बंद पडली. मागून ट्रक होता. दवाखान्याच्या रखवालदाराने मला सांगितलं, तिने सांगितलं नाही. ती घरी आली आणि म्हणाली, आज गर्दी होती. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी मला दुकानात बसवत नाही. दारात उभा राहतो. ती वळणावर दिसेपर्यंत मला बिलावरचे आकडे दिसत नाहीत. मला गाडी चालवता येत नाही, ढकलता येत नाही. गाडी असली तर ती जाणार, मी सांगून थांबणारी बाई नाही ती. म्हणून गाडीच घालवतो.

मी म्हटलं, तिला हे सांग. तर म्हणाला, सांगितलं तर ती मला भित्रा म्हणेल. आणि मग मला काळजी नको म्हणून गाडीला काही झालं तरी सांगणार नाही.

त्यामुळे तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला दोन गोष्टी दुरुस्त करायच्या होत्या. एक मी तुमच्याकडून करून घेतली. दुसरी तुम्ही माझ्या युक्तीचं वाटोळं करून केलीत.

त्याला भित्रा म्हणू नका.

तुमची नणंद


१४ एप्रिल

वन्सं,

नाही म्हटलं.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यावर चिडले, दुसऱ्यांदा स्वतःवर. ट्रक काही अगदी मागे नव्हता. बऱ्यापैकी लांब होता. पण ते राहू दे.

मला सगळं कळलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. गुरुवारी माल भरला, गाडी पुसली, हो, फडक्याने, आणि दारात उभे राहिले होते त्यांना म्हटलं, "उभं राहण्यापेक्षा बसा. दवाखान्यात चादरी मोजून घ्यायला माणूस हवाय." म्हणाले, दुकान? म्हटलं, चार जणी आहेत ना, पळून जात नाहीत.

बसले. पट्टा बांधला, परत सोडून परत बांधला. चौकापर्यंत मला सगळं सांगत होते: सिग्नल आहे, सायकल आहे, म्हातारी आहे. मी म्हटलं, मला दिसतंय. मग चढ लागला. दोन्ही हातांनी पुढचा दांडा पकडून बसले, आणि मीही, खरं सांगते, पहिल्या वळणावर त्यांच्याकडे बघायचं टाळलं. गाडी एका ठेक्यात वर चालली होती. मागे कुणीतरी भोंगा वाजवला. मी खिडकीतून हात काढला नाही, काही म्हटलंही नाही. आपली जात राहिले.

शेवटच्या वळणावर म्हटलं, आता काहीतरी बोलावं, कसं वाटतंय विचारावं. वळून बघते तर दांड्यावरचे हात मांडीवर आलेले, मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. तुमचे दादा गाढ झोपले होते.

फाटकाशी पोचल्यावर इंजिन बंद केलं नाही. थांबलं की जाग आली असती. रखवालदाराला खुणेने म्हटलं, माल तूच उतरव, हळू.

वहिनी